बिननावाची फाईल

आत्याचा फोन आला की दोनच शक्यता असतात. एक तर कोणीतरी गेलेलं असतं, नाहीतर तिचा कॉम्प्युटर अडलेला असतो. पुष्कळदा दोन्ही एकदमच, कारण आसपास कोणी गेलं की त्याचा फोटो तिच्याकडे येतो. त्या शनिवारी मात्र कोणी गेलं नव्हतं.

"अगं, चौघी परत आल्यात," ती म्हणाली.

"कोण चौघी?"

"तीच गं, समोरच्या काकींची आई. रोज येतात, त्याचं काही नाही. पण आज मशीन हलेना, आणि एक चौकट येऊन इंग्रजीत दम देतेय. तू ये."

मी जाहिरातींच्या कंपनीत काम करते. दिवसभर बिस्किटं खुसखुशीत दिसतील आणि केस चमकतील एवढं बघायचं, हाच माझा धंदा. सुट्टीच्या दिवशी तेच सॉफ्टवेअर पुन्हा बघायचं म्हणजे माझ्या कपाळाला आठी पडते. तरी मेट्रो पकडली आणि अंधेरीहून घाटकोपरला गेले, कारण आत्याला नाही म्हणणारा माणूस अजून आमच्या घराण्यात जन्मलेला नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नोकरीची सगळी वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. "कोण बोलतंय? नाव सांगा," हे वाक्य ती अजूनही दाराची बेल वाजली तरी म्हणते. काका, म्हणजे तिचे यजमान, गेले तेव्हा स्टुडिओवाल्याने त्यांचा फोटो मोठा करून दिला, आणि वर हौसेने कोट-टाय घालून गोराही करून दिला. काकांनी जन्मात टाय बांधला नव्हता. आत्याने फ्रेम हातात घेतली, "हे कोण?" असं विचारलं आणि परत केली. मग ती नाक्यावरच्या कॉम्प्युटर क्लासला गेली. वर्गातली मुलं तिच्या नातवंडांच्या वयाची. त्यांनी वाढदिवसाची बॅनरं शिकून घेतली, हिने चेहरे शिकून घेतले.

काकांचा फोटो तिने स्वतः केला. डोळ्याखालचा काळेपणा ठेवला, हनुवटीवरचा चामखीळ ठेवला, शर्टाची चुरगळलेली कॉलरसुद्धा ठेवली. तो फोटो भिंतीवर लागला तेव्हा माझे वडील त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग "बरोबर आहे" एवढंच म्हणून बाथरूममध्ये गेले. मी या धंद्यात इतकी वर्षं घालवली, पण माझं एखादं काम बघून कोणाला तोंड धुवायला जावं लागलंय असं मला आठवत नाही.

तेव्हापासून बिल्डिंगमधली आणि आजूबाजूची माणसं तिच्याकडे येतात. कुणाच्या आईचा ओळखपत्रावरचा टिचभर फोटो, कुणाच्या भावाचा लग्नातला, अर्धा दुसऱ्याच्या खांद्याआड गेलेला. आत्या आधी माणसाबद्दल विचारते. हसायचे कसे, चष्मा नाकावर खाली यायचा का, भांग कुठल्या बाजूला. मग माऊसला हात लावते. कोणाला गोरं करत नाही. "वर गेल्यावर तरी सोडा बिचाऱ्यांना," म्हणते. मला तिचा अभिमान वाटतो आणि तिचा रागही येतो. बहुतेक वेळा एकाच मिनिटात.

मी पोचले तेव्हा दार नेहमीसारखं सताड उघडं होतं. जुन्या चाळीची आता चांगली उंच बिल्डिंग झालीय, लिफ्ट आहे, पण माणसं चाळीतली तीच. दिवसा दार लावलं तर लोक विचारतात, बरं नाही का म्हणून. स्क्रीनवर चार खिडक्या उघडलेल्या होत्या आणि चारही खिडक्यांत एक बाई. पदर खांद्यावरून, कान झाकणारे केस, कपाळावर आडवं कुंकू. एकीचं कपाळ जरा मोठं, एकीचे डोळे जरा जवळ. प्रत्येक खिडकीच्या माथ्यावर लिहिलेलं: 'अनटायटल्ड', आणि पुढे 'रिकव्हर्ड'.

समोरच्या काकी ऐंशीच्या घरात आहेत. मालवणकडच्या, लग्न होऊन गिरणगावात आल्या, मग चाळीत, मग इथे. त्यांची आई त्या अगदी लहान असताना गेली. फोटो एकही नाही. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि घरात पहिलीचा विषय बंद झाला. कोणीतरी मेलेल्या माणसांचे फोटो करतं असं ऐकून काकींनी आत्याला विचारलं, "फोटो नाय तर करूक येता काय गो?" दुसरं कोणी असतं तर हात जोडले असते. आत्या म्हणाली, "तुम्हाला आठवतंय ना? मग बसा."

मावशीचा एक जुना फोटो मिळाला, कुठल्याशा लग्नातला. मावशी आईसारखी होती, पण आई नव्हती. त्या फोटोवरून सुरुवात झाली. रोज सकाळी काकी आपलं प्लास्टिकचं स्टूल घेऊन येत, आत्याच्या खांद्याशी बसत आणि सांगत. "असा नाय गो. कपाळ येवढा मोठा नव्हता." आत्या कपाळ लहान करी. "ओठ जरा मिटलेले." आत्या ओठ मिटवी. मध्ये मीच शहाणपणा करून सांगितलं होतं की हल्ली एआय आहे, एका मिनिटात करून देतं. आत्याने तेही करून बघितलं. त्याने जी बाई काढून दिली तिच्याकडे बघून काकी म्हणाल्या, "ही टीव्हीच्या शिरेलीतली. हिका पुसून टाक." पुन्हा स्टूल, पुन्हा माऊस. असे कित्येक महिने. आणि मग एका सकाळी काकी काही बोलल्याच नाहीत. आत्याने वळून बघितलं तर त्यांनी पदर तोंडाला लावला होता. "आता दिसाक लागली," एवढंच म्हणाल्या.

ही चौथी खिडकी. आधीच्या तिघी म्हणजे वाटेवरचे प्रयत्न.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की इतक्या महिन्यांत आत्याने यातलं काहीच सेव्ह केलेलं नव्हतं.

"म्हणजे?" मी खुर्चीतून उठलेच. "रोज बंद कशी करतेस मग?"

तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे बटण होतं.

चाळीत एकदा मीटरच्या पेटीला आग लागली होती. तेव्हापासून आमच्या घराण्यात जेवायला उठलं तरी बटण बंद करून उठायचं, अशी शिस्त. पंखा असो, इस्त्री असो, की कॉम्प्युटर असो. आत्या रोज दुपारी भाताचा कुकर झाला की उठते आणि भिंतीवरचं बटण खाली करते. खटकन. बिचारं सॉफ्टवेअर समजतं की आपल्याला अपघात झाला. काम करता करता दर थोड्या वेळाने ते एक चोरटी प्रत स्वतःपाशी ठेवत असतं. दुसऱ्या दिवशी उघडलं की ती आणून पुढे ठेवतं, हे घ्या, वाचवलंय. ते 'रिकव्हर्ड'. तुम्ही सेव्ह केलं तर ठीक, नको म्हणून बंद केलं तर ते पुसतं. आत्या दोन्ही करत नव्हती. पुन्हा काम, पुन्हा कुकर, पुन्हा खटकन. म्हणून त्या बायका रोज सकाळी न बोलावता हजर.

"छान ठेवतो की तो," आत्या म्हणाली. "मी कशाला सेव्ह करू?"

मी ती दम देणारी चौकट वाचली. डिस्क भरत आली होती. जागा संपली की यापुढे वाचवायची प्रतही ठेवता येणार नाही, असा तिचा अर्थ. म्हणजे आज दुपारी कुकर झाला आणि बटण खाली गेलं, की उद्या सकाळी कोणी येईलच याचा काही नेम नव्हता. मी हे आत्याला सांगितलं. तिने उघड्या दारातून समोर बघितलं.

पुन्हा करता येईल असं ते काम नव्हतं. काकींना आता विसरायला व्हायला लागलं होतं. सकाळचा चहा घेतला की नाही हे त्यांना आठवत नसे, मुलाला त्या नवऱ्याच्या नावाने हाक मारत. आईचं कपाळ केवढं होतं हे सांगणारी जगात एकच बाई होती आणि ती हळूहळू निघाली होती. तो चेहरा आता फक्त त्या चौथ्या खिडकीत होता.

"मग करून टाकूया ना सेव्ह, त्यात काय!" मी म्हटलं आणि माऊस ओढून घेतला. सॉफ्टवेअरने नाव विचारलं. मी सवयीने 'फायनल१' टाइप करायला लागले तर आत्याने माझा हात धरला. चांगला घट्ट.

"काहीतरी नाव द्यायचं नाही."

"आत्या, नंतर बदलता येतं!"

"नंतर कोणी बदलत नाही."

तिचं म्हणणं मला माहीत होतं. काकांचा पहिला फोटो तिने शिकाऊ असताना असाच हाताला येतील त्या अक्षरांच्या नावाने ठेवला होता. मशीन साफ करायला आलेल्या माणसाने ती अक्षरं बघितली आणि कचरा समजून पुसून टाकली. त्याची चूक तरी काय म्हणायची? तिने काका पुन्हा पहिल्यापासून केले. तेव्हापासून तिचा नियम: प्रत्येक फोटो माणसाच्या नावाने. "नाव नसलं की कोणीही येऊन पुसतं," ती म्हणते. जन्मभर लोकांना नाव विचारून मगच पुढे जोडून देणाऱ्या बाईचा हा नियम, त्यामुळे तो मोडायची सोय नाही.

"मग दे ना नाव. काय आहे त्यांच्या आईचं?"

"तेच तर नाही ना माहीत."

मला वाटलं ती थट्टा करतेय. करत नव्हती. काकींना आईचं नाव ठाऊक नव्हतं. माहेरचं नाव लग्नात बदललेलं, सासरचं नाव घरात घ्यायची पद्धत नाही, आणि ती गेल्यावर तर कोणी उच्चारलंच नाही. विचारायला आता कोणी उरलेलं नव्हतं. आत्या महिनोन् महिने वाट बघत होती, चेहरा आठवता आठवता एखाद्या सकाळी नावही आठवेल म्हणून.

माझा पारा चढायला लागला. "नुसतं 'आई' लिही."

"माझ्याकडे येतात त्या सगळ्या आयाच असतात."

"काकींचं आडनाव लिही, पुढे 'आई'."

"काकींच्या सासरच्या आडनावाशी त्यांच्या आईचा काय संबंध?"

"मग वडिलांचं नाव लिही आणि पुढे 'पहिली बायको'."

यावर आत्याने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला. वर मनातल्या मनात म्हटलं, जगभरचे लोक इंटरनेटवर सांगतात की अशा परत परत उघडणाऱ्या फायलींवर एकच इलाज, ते फोल्डर रिकामं करा. पण हे मनातच ठेवलं, कारण तेवढ्यात स्टूल घेऊन काकी आल्या.

त्या बसल्या. चौथ्या खिडकीकडे बघून ओळखीचं हसल्या. आत्याने नेहमीच्या बेताने सुरुवात केली. चेहरा करताना ती जशी विचारते तशी, घाई न करता, जणू कुकर आज होणारच नव्हता.

"काकी, तुमचे वडील कशी हाक मारायचे हो आईला?"

"बापूस हाक मारी नाय," काकी म्हणाल्या. "खाकरे."

"आणि आजी?"

"आजी नुसता 'गो' म्हणे."

मला हसूही येत होतं आणि संतापही. एका अख्ख्या बाईला एका खाकरण्यात आणि एका 'गो'मध्ये गुंडाळून ठेवलं होतं. "अहो पण काकी," मी जरा आवाज चढवूनच म्हटलं, "घरातले जाऊ देत. विहिरीवर, वाडीत, चार बायकांत कोणाला तुमच्या आईलाच हाक मारायची असली तर काय म्हणायचे? खाकरायचे सगळे?"

काकी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना हा प्रश्न वेडगळ वाटला असावा.

"माझा नाव घेवन मारीत," त्या म्हणाल्या. "माझी आवस म्हणान."

मला यातून काही निघालंय असं वाटलं नाही. आमच्या चाळीतही सगळ्या बायका कोणाच्या तरी आईच होत्या. पण आत्याचा माऊसवरचा हात थांबला. ती खुर्चीसकट काकींकडे वळली.

"कुठलं नाव, काकी? तुमचं शाळेतलं?"

"नाय गो. शाळेत मी नंतर गेलंय. तेव्हा आवस खय होती?"

"मग आई तुम्हाला काय म्हणायची?"

सकाळचा चहा न आठवणाऱ्या काकींनी एक क्षणही घेतला नाही. एक छोटंसं नाव सांगितलं, कडेवरच्या मुलीला शोभेल असं. ते मी इथे लिहीत नाही. ते त्या दोघींचं आहे. सांगून झाल्यावर त्या स्वतःच जरा चपापल्या, जणू आतून दुसरंच कोणी बोललं होतं. "त्या नावान आता कोण हाक मारतलो?" म्हणाल्या. आई गेल्यावर त्या नावाने त्यांना कोणीही हाक मारलेली नव्हती. सावत्र आई शाळेतलं नाव घेई, नवऱ्याने लग्नात नवीन ठेवलं, आणि इथे त्या काकी, आजी, समोरच्या.

आत्या वळली. एकेक कळ शोधत तिने ते नाव मराठीत टाइप केलं, आणि त्याच्यापुढे 'ची आवस' असं लिहिलं. 'आई' नाही, 'आवस'. मग काकींना वाचून दाखवलं. "विहिरीवर असंच म्हणत ना?"

"असाच," काकी म्हणाल्या.

आत्याने सेव्ह केलं. खिडकीच्या माथ्यावरचं 'अनटायटल्ड' गेलं आणि तिथे ते नाव आलं.

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी आत्याच्या पाया पडावंसं वाटलं, पण आमच्याकडे तसं एकदम कोणी पडत नाही, लोक घाबरतात. मी आपली फायलीची आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली. आधीच्या तिघींना आत्याने एकदा नीट बघून निरोप दिला, मग मी त्या न ठेवता बंद केल्या, जुना पसारा पुसला, डिस्कला श्वास घ्यायला जागा करून दिली. दुपारी कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी आत्याला आधी फाईल, मग सॉफ्टवेअर, मग कॉम्प्युटर असं ओळीने बंद करायला लावलं. तिने ते सगळं निमूटपणे केलं, आणि मग बटणही बंद केलंच.

मी रात्री तिथेच राहिले. रविवारी सकाळी चहा घेऊन कॉम्प्युटर चालू केला. सॉफ्टवेअर उघडलं, आणि स्क्रीन रिकामा. कोणीही आलं नाही. मी विजयी वीरासारखं आत्याकडे बघितलं.

"बघ! गेलं की नाही?"

आत्या त्या राखाडी रिकाम्या स्क्रीनकडे बघत होती. तिला मुळीच आनंद झालेला दिसत नव्हता. मग ती उठून दारात गेली. रोज ती तिथून "काकी, या" म्हणते. त्या दिवशी चौकटीला हात लावून क्षणभर थांबली, आणि तिने ते छोटं नाव घेऊन हाक मारली. ऑपरेटरच्या स्वच्छ आवाजात, शेवटचं अक्षर लांबवून, अंगणात खेळणाऱ्या मुलीला घरातून मारावी तशी.

समोरच्या घरात भांड्याचा आवाज थांबला. आणि आतून ओ आली. "ओ" एवढंच, पण तो आवाज मी काकींच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

त्या लगबगीने दारात आल्या. स्टूल विसरल्या होत्या. ओले हात पदराला पुसत त्यांनी आत्याकडे बघितलं, मग आत्याच्या खांद्यावरून आमच्या खोलीत बघितलं.

"आवशीन हाक मारल्यान काय?" त्यांनी विचारलं.

कोणी काही चुकीचं बोललं की मला ते सुधारल्याशिवाय राहवत नाही. माझं तोंड उघडलंही होतं.

"हो," आत्या म्हणाली. "आत आहे ती. ये, बस." आणि तिने त्यांचा ओला हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं, माऊस हातात घेतला आणि ती फाईल नावाने उघडली.